रिकाम्या खुर्चीची तपासणी

माझी मावशी कान तपासायची. ती डॉक्टर नव्हती. डॉक्टर कानात दिवा घालून आत बघतात. मावशी माणसाला किती ऐकू येतं ते मोजायची. एका मोठ्या दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून तिची खोली होती आणि त्या खोलीच्या पोटात आणखी एक खोली. तिला सगळे ‘पेटी’ म्हणत. कपड्यांच्या कपाटाहून थोडी मोठी, वीतभर जाडीच्या भिंतींची, दार असं की ओढून घेतलं की ‘फुस्स’ करून बाहेरचं जग बंद. आत एक खुर्ची, हूकला टांगलेला हेडफोन आणि वायरच्या टोकाला मुठीत मावेल असं एक बटण. पेटीला एक काच होती. काचेच्या अलीकडे मावशी आणि तिचं यंत्र, पलीकडे पेशंट.

मावशी हेडफोनमध्ये बारीक सूर सोडायची. ऐकू आला की पेशंटनं बटण दाबायचं. दाबलं की मावशीच्या यंत्रावर हिरवा दिवा लागायचा. मग ती आवाज कमी करायची, अजून कमी, आणि जिथून पुढे दिवा लागेनासा होतो तिथे कागदावर खूण. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. अशा खुणा जोडल्या की रेघ तयार व्हायची. रेघ वरच्या अंगाला असली तर कान शाबूत. खाली घसरत गेली तर माणूसही तसाच हळूहळू घसरत चाललेला.

आमच्या घरात मावशीचं नाव ‘वेळापत्रक’ होतं. पाचला उठणार, वीस मिनिटं व्यायाम करणार, तोही समोर घड्याळ ठेवून. सव्वासहाला चहा, साडेसहाला बातम्या, सात पाचला कुलूप. आई म्हणायची, “हिच्या दारात पाहुणा जरी आला तरी वेळ होईपर्यंत पायरीवर बसवील.” मावशीला या थट्टेचं काही वाटायचं नाही. “आपण मनाला सांभाळलं नाही तर मन आपल्याला फरफटत नेतं,” एवढंच म्हणायची आणि घड्याळाकडे बघायची.

अशा बाईचं प्रेमाचं लग्न झालं होतं, यावर नव्या माणसाचा विश्वास बसत नसे.

काका बाटल्या भरण्याच्या कारखान्यात होते. हजारो काचेच्या बाटल्या पट्ट्यावरून एकमेकींवर आपटत जायच्या, दिवसाचे आठ तास. तिथल्या कामगारांना वर्षातून एकदा कान तपासून घ्यावे लागत. काका पहिल्यांदा मावशीच्या पेटीत बसले तेव्हा दिवा पटापट लागत गेला. इतका नीट, इतका वेळच्या वेळी की मावशीला संशय आला. तिनं सूर न सोडताच थोडी थांबून बघितलं. दिवा लागला.

तिनं दार उघडलं. “मी आत्ता आवाज दिलाच नव्हता. बटण का दाबलंत?”

काका ओशाळले. म्हणाले, “आवाज देताना तुमच्या भुवया वर जातात. मी भुवया बघून दाबतो.”

दोन वर्षं हा माणूस आधीच्या तपासनिसालाही असाच फसवत आला होता. कान गेले हे कळलं तर कामावरून काढतील, ही भीती. मावशीनं खुर्ची फिरवली, काचेकडे पाठ करून त्यांना बसवलं आणि सगळी तपासणी पुन्हा केली. तेव्हा खरी रेघ उतरली. कागदाच्या डाव्या अंगाला, जाड, खर्जातल्या सुरांना रेघ वर आणि बारीक, उंच सुरांकडे गेलं की एकदम खोल खड्डा. बाटल्यांनी खणलेला.

“म्हणजे मी नापास?” काकांनी कागद बघत विचारलं.

“इथे पास-नापास नसतं.”

“मग पुन्हा कधी येऊ?”

“सहा महिन्यांनी.”

ते आठव्या दिवशी आले.

लग्नाला आजोबांचा विरोध होता. “बहिऱ्याशी संसार? जन्मभर ओरडत बसशील.” मावशी म्हणाली, “ओरडायची वेळ येणार नाही. ते माझा चेहरा वाचतात.” आणि तसंच झालं. दरवर्षी ती काकांचे कान स्वतः तपासायची, खुर्ची पाठमोरी करून, आणि दरवर्षी खड्डा रुंद होत जायचा. शेवटी शेवटी फक्त सगळ्यात खर्जातला सूर, तोही यंत्राच्या सगळ्यात मोठ्या आवाजावर, त्यांच्यापर्यंत पोचायचा. मग मावशीनं घरात बोलताना आवाज काढणंच सोडून दिलं. नुसते ओठ हलवायची, मग काकाही तसेच बोलू लागले. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे राहायला गेले की मला पहिले दोन दिवस अंगावर काटा यायचा. दोघं समोरासमोर बसून तासभर बोलत असायची आणि घरात ऐकू यायचा तो फक्त भांड्यांचा आवाज. मध्येच काका गडगडाट केल्यासारखे हसायचे, कारण हसण्याला किती आवाज होतो ते त्यांना आता ठाऊक नव्हतं.

लग्नाच्या एकोणिसाव्या वर्षी एका सकाळी काका न्हाणीघराच्या दाराशी पडले. हृदय थांबलं होतं. दवाखान्यात नेण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

मला तेव्हा नुकतीच नोकरी लागली होती, मावशीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, एका वकिलांकडे टाइपिंगची. आई म्हणाली, “तिथेच राहा. ती रडणार नाही, बोलणार नाही, आतल्या आत जळत राहील. लक्ष ठेव.”

आईचा अंदाज अर्धाच खरा निघाला. मावशी रडायची. संध्याकाळी बरोबर सहाला ती आतल्या खोलीत जायची, दार लावायची, गजराचं घड्याळ साडेसहाला लावायची आणि रडायची. दाराबाहेर मला ऐकू यायचं. साडेसहाला गजर. मग नळाचं पाणी. मग दार उघडून मावशी बाहेर, चेहरा धुतलेला, “भात लावलास का गं?” पहिल्या दिवशी मला ते भयंकर वाटलं. आठवड्यानं सवय झाली आणि सवय झाली हे त्याहून भयंकर वाटलं.

एकदा मी धीर करून विचारलं, “मावशी, रडायलाही वेळ लावायची?”

“लावली नाही तर ते दिवसभर पुरेल,” ती म्हणाली. “आणि पेटीत माणसं येऊन बसतात ना माझ्याकडे. त्यांना कुठे पाठवू?”

चार-साडेचार महिने असे गेले. मग एका संध्याकाळी सहा वाजले आणि मावशी आत गेलीच नाही. भाजी निवडत बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. मला बरं वाटलं. दुःख ओसरलं, असं मी आईला कळवूनही टाकलं.

पण त्याच सुमारास सोमवारचं एक नवीन प्रकरण सुरू झालं. मावशी दर सोमवारी सात पाचच्या ऐवजी साडेसहालाच निघू लागली. सोमवारी कपडे इस्त्रीचे. केस पुन्हा विंचरून. आरशासमोर दोन मिनिटं जास्त. आणि वेळापत्रकात दोन मिनिटं म्हणजे काय ते आम्हालाच ठाऊक. मला वाटलं, मावशीचं कुठे जुळलं की काय! हसूही आलं आणि जरा रागही. काकांना जाऊन सहा महिने नाही झाले. एका सोमवारी मी तिच्या मागोमाग निघाले.

दवाखान्यात त्या वेळी झाडूवाल्या बाईशिवाय कोणी नव्हतं. ओल्या फरशीवरून मी तिसऱ्या मजल्यावर गेले. मावशीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मावशी टेबलाशी बसली होती, माझ्याकडे पाठ. समोर पेटी, पेटीचं दार घट्ट बंद, काचेपलीकडे दिवा चालू. खुर्ची काचेकडे पाठ करून ठेवलेली. खुर्चीच्या पाठीवर हेडफोन अडकवलेला, बसलेल्या माणसाच्या कानांच्या उंचीवर. बटण खुर्चीच्या हातावर.

खुर्चीत कोणी नव्हतं.

मावशीनं खटका दाबला. यंत्रावर हिरवा दिवा लागला. मावशीनं चकती एक घर मागे फिरवली, खटका दाबला. दिवा लागला. आणखी एक घर. या वेळी दिवा लागला नाही. मावशीनं लाल पेन्सिल घेतली आणि कागदावर गोल काढला.

मी कितीतरी वेळ उभी होते. शेवटी मावशीनंच मान न वळवता म्हटलं, “आलीसच आहेस तर आत ये. दार लाव. आवाज करू नकोस, अजून डावा कान राहिलाय.”

डावा कान झाल्यावर तिनं यंत्र बंद केलं आणि सगळं सांगितलं, अगदी पेशंटचा अहवाल सांगावा तसं. काका गेल्यावर पाचव्या महिन्यात, एका सोमवारी सकाळी ती यंत्र तपासत होती. आत कोणी नसताना तिनं खर्जातला सूर मोठ्या आवाजात सोडला, आणि दिवा लागला. तिला वाटलं, बटण कशाखाली दबलं असेल. आत जाऊन पाहिलं तर बटण हूकला. यंत्र दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं सगळं उघडलं, वायर बदलली, बटण बदललं, तासभर बसून पाहिलं. दिवा एकदाही चुकीचा लागला नाही. “ताई, मशीन ठणठणीत आहे,” तो म्हणाला. पुढच्या सोमवारी दिवा पुन्हा लागला.

“मग मी म्हटलं, नीटच मोजू,” मावशी म्हणाली. “मधे मधे काहीच न देता थांबले. दिवा लागला नाही. सूर दिला तरच लागतो. मग पूर्ण रेघ काढली.”

तिनं खणातून दोन कागद काढले. एक काकांचा शेवटच्या वर्षीचा. दुसरा, रिकाम्या खुर्चीचा पहिला. तिनं ते एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. रेघ एकच दिसत होती.

“मावशी, हे कोणाला सांगितलंस?”

“कोणाला सांगू? मला वेड लागलं असं म्हणतील आणि पेटी काढून घेतील.”

“मग आता?”

“आता नियम केलाय. फक्त सोमवारी, पावणेसात ते सव्वासात. दोन्ही कान. मग बंद. बाकीच्या दिवशी ही खुर्ची पेशंटची.” मग एखाद्या आईनं मुलाचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसे तिनं नंतरचे कागद पुढे केले. “हे बघ. सुधारतंय.”

खरंच, दर आठवड्याला रेघ वर सरकत होती. एक घर, कधी अर्धं. तिच्या सबंध नोकरीत गेलेला कान परत आलेला तिनं पाहिला नव्हता. गेलेला कान येतच नाही, हे ती दिवसातून दहा जणांना सांगायची.

“का सुधारतंय?”

“मला काय माहीत? मी फक्त मोजते.”

तिनं मला आत जाऊन हेडफोन हूकला लावायला सांगितलं. मी गेले आणि माझ्यामागे दार आपोआप सरकून ‘फुस्स’ झालं. त्या पेटीत मी पूर्वी कधी गेले नव्हते. तिथे शांतता नसते. तिथे आपणच असतो. माझी मान वळताना करकरली ती मला ऐकू आली. पापण्या मिटल्याचं ऐकू आलं. मी हेडफोन उचलला, लावला, खुर्चीला अंग न लावता बाहेर आले. मावशी बंद केलेल्या यंत्राच्या हिरव्या दिव्याकडे बघत होती.

“तू बटणाला हात लावलास?”

“नाही.”

“बरं,” ती म्हणाली, आणि प्लग काढला.

मी त्या दिवशी आईला पत्र लिहायला बसले आणि ‘मावशी बरी आहे’ एवढंच लिहून बंद केलं. पळून जावं असं वाटत होतं. पण मावशी पूर्वीपेक्षा बरी होती, हे नाकारता येत नव्हतं. जेवत होती. पेशंटचे किस्से सांगत होती. सोमवारची वाट बघत होती, पण मंगळवारी मंगळवारचं काम करत होती. आशा धरलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. बहुतेक जण हातातलं काम टाकून दाराकडे डोळे लावून बसतात. मावशीनं आशेलाही अर्धा तास दिला होता, एक मिनिट जास्त नाही.

तो नियम तिनं एकदाच मोडला. त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता आणि दवाखान्याला नेमकी सुट्टी. मी सकाळी उठले तर मावशी घरात नव्हती. दुपारचा एक वाजला तरी पत्ता नाही. मी समजले. चौकीदाराला काहीतरी थाप मारून वर गेले.

मावशीनं खुर्ची काचेच्या बाजूला तोंड करून फिरवली होती. स्वतः काचेला नाक लावून बसली होती, दोन्ही हात मांडीवर. यंत्राला तिचा हात लागलेला नव्हता. आणि हिरवा दिवा लागत होता, विझत होता. लागत होता, विझत होता.

“मावशी!”

“मी काहीच देत नाहीये,” ती कुजबुजली. डोळे काचेवरून हलले नाहीत. “सकाळपासून काहीच दिलं नाही. माझा चेहरा बघून दाबतात. लबाड.” आणि ती हसली. लाजरं, कोवळं असं ते हसणं होतं. बावन्न वर्षांच्या मावशीच्या तोंडून ते मी कधी ऐकलं नव्हतं. तिनं सकाळपासून पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. ओठ सुकून पांढरे झाले होते.

“घरी चल.”

“थांब ना जरा.”

“मावशी, एक वाजून गेला.”

वेळेचं नाव काढल्यावर तिची मान घड्याळाकडे वळली. ती बराच वेळ बघत राहिली. मग उठली, पेटीचं दार उघडलं, आत गेली आणि दोन्ही हातांनी खुर्ची पाठमोरी केली. बाहेर येऊन बसली. दिवा लागला नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, नाही लागला.

मग मावशी रडली. सहा वाजले नव्हते, गजर नव्हता, दारही उघडंच होतं. मी तिला धरून बसले.

घरी येताना ती म्हणाली, “चूक माझी. मी त्यांना फसवायला शिकवत होते. मला ते हवेत म्हणून दिवा लागणं आणि ते आहेत म्हणून दिवा लागणं, यातला फरक मला कळायला नको का? तेवढ्यासाठीच नियम असतो. नाहीतर मलाच मी भेटत बसेन काचेतून.”

त्यानंतर पुन्हा सोमवार, पावणेसात, पाठमोरी खुर्ची. रेघ चढत राहिली. काकांच्या चाळिशीतली रेघ आली, मग पस्तिशीतली. मावशी जुने कागद काढून तारखा जुळवायची. दीड वर्षानं ती रेघ आली जी लग्नाआधी, भुवयांची चोरी पकडली त्या दिवशी आली होती. मला वाटलं इथे थांबेल. थांबली नाही. खड्डा भरत गेला. बाटल्यांच्या आधीचा, जो मावशीनं कधी पाहिलाच नव्हता तो कान, आठवड्या-आठवड्यानं कागदावर उमटू लागला. आणि एका सोमवारी रात्री जेवताना मावशी म्हणाली, “शून्यावर आले, सगळ्यात वरच्या रेघेवर. दोन्ही कान. तान्ह्या बाळासारखे.”

“मग आता काय?”

“आता बोलायला हवं.” तिच्या हातातला घास तसाच राहिला. “आवाजानं. पुढच्या सोमवारी तू चल माझ्याबरोबर. एकटीनं जमणार नाही.”

मावशीच्या यंत्राला एक छोटा माइक होता, पेशंटशी बोलायला. ‘दुसरा कान सुरू करतेय’, ‘हलू नका’, एवढ्यापुरता. त्या सोमवारी सकाळी तिनं तो तोंडासमोर ओढला. आठवडाभर ती काय बोलायचं ते ठरवत होती. कागदावर मुद्दे लिहून आणले होते, आपली मावशीच ती. पण पहिलं वाक्य सवयीचंच आलं.

“आवाज येतोय का?”

दिवा लागला.

मावशीनं एक मोठा श्वास घेतला. मग कागद बघून बोलू लागली. न्हाणीघराचा नळ दुरुस्त केला. तुमचे बूट मी कोणाला दिले नाहीत. धाकट्या बहिणीची मुलगी राहायला आलीय, स्वयंपाक बरा करते, मीठ विसरते. “आणि ती काळी छत्री. बसमध्ये तुम्ही नव्हता विसरलात. मी विसरले होते. तेरा वर्षं तुमच्या माथी मारली.” दर वाक्याला दिवा लागत होता, एकदाच. छत्रीला दोनदा लागला. मला त्या भीतीतही हसू फुटलं.

मग मावशीनं कागदाची घडी घातली.

“त्या दिवशी सकाळी,” ती म्हणाली, आणि आवाज चिरकला. तिनं माइक दूर केला, खाकरली, परत ओढला. “त्या दिवशी सकाळी तुम्ही मला हाक मारलीत. न्हाणीघरापाशी उभं राहून. मी बाहेरच्या खोलीत व्यायाम करत होते. चार मिनिटं राहिली होती. मला वाटलं, टॉवेल मागत असाल. तुम्ही दुसऱ्यांदा हाक मारली. मी घड्याळ बघितलं. चार मिनिटं पुरी केली आणि मग आले.”

हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं, आईलाही नाही.

“डॉक्टर म्हणाले होते, आधी पोचलात तरी काही झालं नसतं. नसेल झालं. पण तुमचा हात तरी धरला असता. तुम्हाला वाटलं असेल, मला ऐकू आलं नाही. मला ऐकू आली होती हाक. पहिल्या वेळीच.”

खोलीत काही हललं नाही. यंत्राचा पंखा बारीक घूं करत होता. दिवा विझलेला होता. मी मनात आकडे मोजू लागले. वीस. तीस. मावशीची बोटं टेबलाच्या कडेवर पांढरी पडली होती. पन्नासच्या पुढे कुठेतरी दिवा लागला.

आणि विझलाच नाही.

आत्तापर्यंत तो लागायचा आणि जायचा, बटण दाबून सोडल्यासारखा. आता कोणीतरी बटण दाबून धरून ठेवलं होतं. एक मिनिट. दोन. मावशीनं यंत्रावर तळहात ठेवला, त्या हिरव्या दिव्याच्या शेजारी, आणि तसाच राहू दिला. तिचे ओठ हलत होते, आवाजाशिवाय. काय म्हणत होती ते मला वाचता आलं नाही. बहुधा माझ्यासाठी नव्हतंच ते.

दारावर टकटक झाली. लांबच्या गावाहून पहाटेच्या गाडीनं आलेली एक बाई होती, कडेवर चारेक वर्षांची मुलगी. मुलगी बोलत नाही म्हणून कान तपासायचे होते. “लवकर आलो आम्ही, बसू का बाहेर?”

मावशीनं घड्याळ पाहिलं. सात वाजून चौदा मिनिटं झाली होती. दिवा तसाच होता. मला वाटलं, आज ती त्या बाईला बसायला सांगेल. मीच सांगणार होते.

मावशीनं माइक जवळ घेतला. अगदी हळू, घरातल्या आवाजात म्हणाली, “अहो, उठा आता. पेशंट आलाय.”

दिवा विझला.

मावशी आत गेली, खुर्ची पुसली, सरळ केली आणि मुलीला उचलून तिच्यावर बसवलं. मी भिंतीला टेकून बघत होते आणि ती मुलगी किंचाळेल, असं मला का कोण जाणे वाटत होतं. ती किंचाळली नाही. खुर्चीत बसली, शेजारच्या हवेकडे एकदा वळून पाहिलं, आणि हेडफोन घालून घेतला. तिला डाव्या कानानं चांगलं ऐकू येत होतं. तिची आई बाहेर येऊन तोंडात पदर कोंबून रडली.

पुढच्या सोमवारी दिवा लागला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या सोमवारी मावशीनं खालपासून वरपर्यंत सगळे सूर दिले, कोरा कागद खणात ठेवला आणि म्हणाली, “तीनदा उत्तर आलं नाही की पुढे जायचं, असा आमच्या कामात नियमच आहे.” त्यानंतर तिनं रिकामी खुर्ची कधी तपासली नाही.

ती आणखी आठ वर्षं त्या खोलीत होती. माझं लग्न झालं, नंतर मावशीच आमच्याकडे राहायला आली. अजून पाचला उठते. चहा सव्वासहाला. पण एक गोष्ट बदलली, आणि ती त्या सोमवारपासूनच. कोणी हाक मारली की हातातलं असेल ते टाकून उठते. दूध उतू जाईल, फोनवर कोणी बोलत असेल, व्यायामातलं एक मिनिट राहिलं असेल, मावशी आधी ‘ओ’ देते आणि येऊन उभी राहते. माझी मुलं तिला मुद्दाम छळायची. “आजी!” “ओ, काय रे?” “काही नाही.” ती रागावायची नाही.

मी एकदा विचारलं, “तेव्हा तुला भीती नाही वाटली?”

“वाटायची ना. दर सोमवारी जिना चढताना वाटायचं, परत फिरावं.” तिनं थोडा विचार केला. “पण भिऊन गेले नसते तर तो तिथे बसून राहिला असता. एकटाच. आवाज आला की बटण दाबत.”

तिच्या तोंडून काकांना ‘तो’ म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. कान अजून आमच्यापेक्षा तीक्ष्ण. कधी कधी आम्ही सगळे जेवायला बसलेले असतो, गप्पा चालू असतात, आणि मावशी मध्येच मान वर करते. “ओ, आले,” म्हणते. हात ताटाच्या कडेला निपटते, उठते आणि आतल्या खोलीत जाते. आतल्या खोलीत कोणी नसतं. आम्ही एकमेकांकडे बघतो आणि जेवत राहतो. चार-पाच मिनिटांनी ती परत येते, बसते, ताट पुढे ओढते.

“भात गार झाला असेल, मावशी. गरम वाढू?” मी विचारते.

“वाढ,” ती म्हणते. “थोडाच.”